कापणीच्या दिवसांतलं पोट

विरारहून चांदीपच्या रस्त्याला लागलं की एका वळणावर नव्या इमारतींचे फलक संपतात आणि एकदम भात सुरू होतं. आश्विनात तिथला वास बदलतो. हिरव्या भाताचा वास ओला असतो, पिकलेल्याचा कोरडा, किंचित भाजल्यासारखा. गेल्या आठवड्यात स्कूटरवरून जाताना तो वास नाकात शिरला आणि माझा डावा हात हँडल सोडून पोटावर गेला. दोन वर्षं झाली, अजून जातो.

"हँडल धरा," मागून सुनंदा म्हणाली. "पोट कुठं पळून जात नाही."

बायकोच्या बोलण्यात बहुतेक वेळा तथ्य असतं, आणि तेच मला सहन होत नाही. पोट पळून जात नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? एका कापणीच्या मोसमात मी त्याच्या मागे लागलो होतो. त्याला धमकावलं, उपाशी ठेवलं, पट्ट्याने आवळलं, त्याच्याशी घासाघीस केली. त्या दिवसांबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. भात पिवळं झालं, म्हणून आज बसलो.

माझा धंदा जुन्या दारं-खिडक्यांचा. कुठे घर पाडायला निघालं की तिथे मी पोहोचलेलो असतो. पापडीतली एखादी बंगली, गिरीजच्या केळीच्या वाडीतलं कौलारू घर, गावातली जुनी चाळ. सागवानी चौकटी, पितळी कड्या, लोखंडी गज घ्यायचे, साफ करायचे, विकायचे. सुरुवात हातगाडीवर दोन खिडक्या ठेवून केली. आता गोदाम आहे. मधलं सगळं तोंडाच्या जोरावर झालं. भाव करताना माझा आवाज चढतो, हे खरं आहे. लोक म्हणतात शेठ भांडतो. मी भांडत नाही, मी किंमत लावतो.

या धंद्यात पोट कामाला यायचं. खुर्चीत मागे रेललो की ते पुढे येऊन बसायचं, माझा भागीदार असल्यासारखं. समोरच्याला वाटायचं, हा माणूस जागचा हलणार नाही. आमच्या घराण्यात चाळिशीनंतर सगळ्या पुरुषांना हे पोट येतं. वडिलांना होतं, काकांना होतं. आम्ही त्याला खाऊनपिऊन सुखी असल्याची खूण समजत आलो. कुणाचं उतरलं तर लोक विचारायचे, घरी सगळं ठीक आहे ना?

माझा थोरला भाऊ चांदीपला. आम्ही खाडीकाठची शेतकरी माणसं. वाटणीची आमच्याकडे एक रीत आहे. मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. त्यामुळे वाटे पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. दादाने वाटे पाडले आणि उचललाही त्यानेच आधी. गावालगतचं गोडं शेत त्याचं झालं. खाली खाडीच्या अंगाचं खाजण, जिथे उधाणाला खारं पाणी शिरतं, ते माझं. आईसमोर झालं हे. ती काही बोलली नाही. मी पुष्कळ बोललो, आणि त्यानंतर सोळा वर्षं दादाशी बोललो नाही. लग्नात, मयतीला समोर आलो तर माना दुसरीकडे.

त्या वर्षी गणपती उठले आणि चार दिवसांनी वहिनी गोदामात आली. एकटी, हातात कापडी पिशवी. मी एका गिऱ्हाइकाशी चौकटीवरून वाद घालत होतो. ती उभी राहिली, तसा वाद अर्धवट सोडला. माझ्या बाबतीत असं होत नाही.

"भावजी, ह्यांचं यकृत गेलंय," ती म्हणाली. "बदलावं लागंल, म्हनतात."

दादा दारूला कधी शिवला नाही. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिने पिशवीतून कागद काढले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की वर्षानुवर्षं यकृतात चरबी साठली, त्याने यकृत निबर झालं, आता ते काम करत नाही. जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा लावता येतो. वहिनीला मधुमेह, तिचा चालणार नाही. मुलीचा रक्तगट जुळत नाही.

"तुमचा जुळतो," ती म्हणाली. "आईंच्या आजारपनात तुम्ही दोघांनी रक्त दिलंवतं, तवाचं मला माहीतेय."

"दादाने पाठवलं?"

"त्यांना ठाव नाय मी आलेय ते. कळलं तर वरडतील."

ती गेल्यावर एका चांगल्या दाराला लाथ मारली. पायाच्या अंगठ्याचं नख गेलं. मग सुनंदाला फोन केला आणि सगळं सांगून विचारलं, "मी का द्यायचं?" ती म्हणाली, "नका देऊ. पण नाही म्हणायला स्वतः जा." ही बाई माझ्यापेक्षा चांगला सौदा करते.

नाही म्हणायला म्हणून मुंबईतल्या मोठ्या इस्पितळात गेलो आणि तपासण्या करून घेतल्या. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलायचे. त्यांनी पडद्यावर माझं यकृत दाखवलं आणि म्हणाले, "तुम्हीही त्याच वाटेवर आहात. तुमच्याही यकृतात चरबी आहे. असं यकृत मी घेऊ शकत नाही. त्यांनाही धोका, तुम्हालाही."

"मग?"

"पोट उतरवा. दहा किलो. दिवाळी झाली की पुन्हा तपासू. त्यापुढे फार थांबता येईल असं मला वाटत नाही."

"सहा करतो," मी म्हणालो.

डॉक्टर हसले नाहीत. "मी भाव करत नाही. मोजतो."

बाहेर बाकावर बसलो. घराण्याच्या ज्या पोटाचा अभिमान धरला, त्याने दादाला आतून खाल्लं होतं आणि माझ्याकडे निघालं होतं. मला त्याने नमुना आधी दाखवला, एवढाच फरक. तोही दादाच्या अंगावर.

पहिले आठ दिवस मी सगळं माझ्या पद्धतीने केलं. सकाळचं खाणं बंद. दुपारीही काही नाही. भूक मारली की चरबी मरेल असा हिशेब. संध्याकाळी घरी आलो की मी ताटावर तुटून पडायचो. तीन जणांचं जेवण दहा मिनिटांत, बहुतेक न चावता. मग तिथेच आडवा. टीव्हीवर बघून कमरेचा पट्टा आणला, तो बांधून दिवसभर घामाघूम व्हायचो. गोदामात एका सागवानी फळीवर पडून पोटाचे व्यायाम केले. चौथ्या दिवशी मान धरली, पोट जसंच्या तसं. सकाळी उठून आधी वजनकाट्यावर उभा राहायचो, अंघोळीनंतर परत, आणि दर वेळी काट्याशी भांडण.

इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या फोनवर सगळं ऐकून घ्यायच्या.

"काका, एका जागेची चरबी वेगळी काढता येत नाही. पोट सगळ्या अंगाबरोबर उतरतं. पट्टा सोडा आधी."

"बरं. भात किती?"

"एक वाटी."

"दोन."

"एक."

"दीड. आणि भाकरी सोडतो."

"भाकरी नका सोडू. सकाळचं खाणं सुरू करा, रात्रीचं लवकर घ्या, सावकाश चावा. आणि माझ्याशी कशाला भाव करताय? मी एक म्हटलं काय, दोन म्हटलं काय, तुमचं यकृत माझं ऐकणार आहे का?"

फोन ठेवला आणि रागाने डबा उघडला. त्यात गिरीजच्या एका गिऱ्हाइकाने दिलेली सुकेळी होती, वाळवलेली केळी, केळीच्या वाळक्या सोपटात गुंडाळलेली. फळच ते, फळाने काय होतंय, म्हणत आठ खाल्ली. हे माझं जुनं आहे. भांडण झालं की तोंडात काहीतरी लागतं. फरसाण, शेंगदाणे, जे हाताला येईल ते. भांडणं मला रोज लागतात, त्यामुळे खाणंही रोज. हे मला त्या दिवशी, आठव्या सुकेळ्याचं सोपट हातात असताना समजलं, आणि मग स्वतःचाच राग आला.

पुढच्या दोन आठवड्यांत मॅडम सांगतील ते केलं. खरंच केलं. तोंडात जातं ते सगळं वहीत लिहायचो. वजन दोन किलोंवर अडलं. मॅडम म्हणाल्या, "काहीतरी लिहायचं राहतंय." मी फोनवरच आवाज चढवला. मला खोटं ठरवणारी ही कोण?

दुसऱ्या दिवशी सुनंदा गोदामात आली, मेथीच्या चार जुड्या घेऊन. दारातल्या स्टुलावर बसून निवडत बसली. मला वाटलं, घरी करमत नसेल. ती गिऱ्हाइकं येताना बघत होती, जाताना बघत होती. संध्याकाळी तिने माझ्यासमोर टेबलावर चिंचोके ओतले.

"मोजा."

"कसले हे?"

"तुमचे चहा. एक चहा, एक चिंचोका."

सतरा होते.

आमच्या धंद्यात सौदा कोरडा होत नाही. भाव ठरला की चहा, फिसकटला तर राग राहू नये म्हणून चहा, ठरता ठरत नसेल तर दम घ्यायला चहा. गिऱ्हाईक पितं तेव्हा आपणही प्यायचा. अर्धा कप ठेवून उठलं तर सौदा मोडला असं धरतात. समोरच्या टपरीवरचे गुप्ताजी न सांगता किटली घेऊन येतात, दोन चमचे साखरेचा, दाट. तो मी कधी वहीत लिहिलाच नव्हता. लपवला नव्हता. तो खाण्यात येतो हेच डोक्यात आलं नव्हतं. तीस वर्षं चहा मला कामाचा भाग वाटला, स्क्रू काढण्यासारखा.

"भावाला मारायचं ठरवलंय तर तसं सांगा," सुनंदा म्हणाली. "मेथी तरी घरी निवडीन."

मी गुप्ताजींना बोलावलं. म्हणालो, उद्यापासून माझ्या कपात नुसतं गरम पाणी. गिऱ्हाइकाच्या कपात चहा. कप तोच, रंग बघायला कोण येतंय?

"सेठ, लोग समझेंगे धंदा डूब गया।"

"समझने दो."

त्या माणसाने कुणाला काही कळू दिलं नाही. पाण्यात चहाचा एक थेंब टाकायचा, रंगापुरता. त्यानंतर आठ दिवसांत काटा हलला.

चालायचं होतं रोज. विरारच्या रस्त्यावर सकाळी चालणं म्हणजे रिक्षांशी कुस्ती. मी स्कूटर घेऊन चांदीपपर्यंत जायचो आणि बांधांवरून चालायचो. दुसरीकडे जागा होती. का जायचो, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. लांबून दादाचं शेत दिसायचं. चांगलं पिकलं होतं. गोडी जमीन, पिकणारच. एका सकाळी आजूबाजूची शेतं कापून झालेली आणि त्याचं तेवढं उभं, लोंब्या खाली झुकलेल्या. आणखी चार दिवस राहिलं तर दाणा जमिनीवर. शेतात वहिनी आणि दोन बाया, बस. बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत दादा. उन्हात स्वेटर घालून.

मी सोळा वर्षांनी त्याला नीट पाहिलं. डोळे हळदीसारखे. हातपाय काटक्या. आणि पोट माझ्याहून मोठं, टम्म. ते पाण्याचं होतं.

मी चपला काढल्या आणि शेतात उतरलो. वहिनीने तिचा विळा माझ्या हातात दिला, स्वतःसाठी दुसरा घेतला. जणू रोज येतो मी. वाकलो, तर छाती आणि मांड्या यांच्यामध्ये पोट आलं आणि श्वास अडकला. चार मुठी कापून उभा राहिलो. बायांमधली मोठी, हिराबाई, तिला हसू आवरेना.

"शेट, आधी पोट कापा, मंग भात!"

"तू भात काप, पोटाचं मी बघतो."

"थोडं पानी प्या. तोंड लाल झालंय."

बांधावरून आवाज आला. बारीक झाला होता, तरी ओळखला. "विळा वढायचा असतो. हानायचा नसतो."

मी वर पाहिलं नाही. "कळतंय मला."

"काय कळतंय? धसकटं बघ, गुडघ्याएवढी ठेवलीस."

"तुझं शेत, तुझी धसकटं. मला काय?"

"मंग उतरलास कशाला?"

मी कापत राहिलो. सोळा वर्षांनंतरचं आमचं पहिलं बोलणं हे असं झालं. मी बऱ्याचदा मनात त्याच्याशी बोललो होतो, फार जोरकस, वकिलासारखं. त्यातलं एक वाक्य कामाला आलं नाही.

मग रोज गेलो. गोदाम दुपारनंतर उघडायचं. कापणी, मग पेंढ्या बांधणं, भारे वाहणं, मग खळ्यावर झोडणी. पेंढी दगडावर आपटली की दाणे सरसर उडतात, अंगभर कुसळं चिकटतात, मान खाजते. आठवड्याने वाकणं जमू लागलं. दादा खुर्चीतून चुका काढायचा. मी उलटून बोलायचो. हिराबाई म्हणायची, या दोघांचं ऐकत कापलं की कंबर दुखत नाय. मला झोप लागू लागली. लहानपणी लागायची तशी, पडल्या पडल्या.

जेवण वहिनी आणायची. तांदळाची भाकरी, वालाचं कालवण, कांदा. ही बाई अशी की पाहुण्याला तिसऱ्यांदा वाढल्याशिवाय उठू द्यायची नाही. नको म्हणणाऱ्याच्या आडव्या हातावरून वाढायची. त्या दिवसांत ती माझ्या ताटात एक भाकरी घालायची, एकदा कालवण, आणि टोपलं फडक्याने झाकून पाठीमागे ठेवायची. एकदा मीच म्हणालो, अर्धी दे. ती झाकलेल्या टोपल्यावर हात ठेवून बसली आणि दुसरीकडे बघत राहिली. तिचे डोळे भरलेले मी पाहिले. आमच्याकडे माया ताटात वाढून दाखवतात. त्या मोसमात माझ्यावर ज्यांनी माया केली त्यांनी वाढलं नाही. वहिनीने टोपलं झाकलं, सुनंदाने डबे उंच फळीवर ठेवले, गुप्ताजींनी साखर आवरली. आज मला आग्रह करून खाऊ घातलेली जेवणं फारशी आठवत नाहीत. ते झाकलेलं टोपलं आठवतं.

नवा तांदूळ पहिल्यांदा शिजला त्या दिवशी वाफेनेच घर भरलं. चिकट, गोडसर, थोडा ओला भात. मी एक वाटी खाल्ला. एक तास लावला.

तोवर वहिनीने दादाला सगळं सांगून टाकलं होतं. दिवाळी झाली आणि आम्ही सगळे इस्पितळात गेलो. काट्यावर उभा राहिलो. नऊ किलो. दहा नव्हते झाले. यंत्राखाली झोपलो. एका किलोवरून सौदा फिसकटलेला मी आयुष्यात पाहिला आहे, आणि त्या बाजूला कायम मी उभा असायचो, न सोडणारा. डॉक्टर पडद्याकडे बघत होते.

"एक किलो राहिला," मी म्हणालो. माझा आवाज चढला नाही. "सोडा की."

"किलो नाही बघत मी आता," ते म्हणाले. "यकृत बघतोय. चरबी गेलीय बरीच. हे चालेल."

वहिनीने डॉक्टरांना हात जोडले. सुनंदाने माझा दंड धरला, इतका घट्ट की वळ उठले.

मग डॉक्टरांनी आम्हा दोघा भावांना समोर बसवून समजावलं. यकृताचे दोन भाग होणार. मोठा भाग दादाला बसवणार, लहान माझ्याकडे राहणार, आणि काही महिन्यांत दोन्हीकडे ते वाढून पुरेसं होणार.

"म्हणजे याही वेळी मोठा वाटा त्यालाच," मी म्हणालो.

डॉक्टरांना काही कळलं नाही. वहिनीने मान खाली घातली. दादा म्हणाला, "डॉक्टर, आधी ह्याला इचारा. धाकटा हाय तो. जेवढं ठेवायचंय तेवढं ठेवू दे. मला कमी चालंल."

"कमी चालणार नाही," डॉक्टर म्हणाले.

"मोठा घे," मी म्हणालो. "उगाच नाटकं करू नकोस."

त्याने हात पुढे केला आणि माझं मनगट धरलं. पेंढी बांधताना आळा, म्हणजे तिचा बंद, आवळतात तसा अंगठा वर दाबून. मी ते सोडवून घेतलं नाही.

शस्त्रक्रियेबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही, मी झोपलेलो होतो. पुढचे महिने कठीण गेले, ते सगळ्यांचेच जातात. आता दादाचे डोळे पांढरे आहेत. या वर्षी त्याने स्वतः विळा हातात घेतला, वहिनीने ओरडून काढून घेतला.

खाजणाबद्दल तो अजून काही बोललेला नाही. मीही विसरलेलो नाही. एकदा त्याला धरून बसवणार आहे आणि सगळं ऐकवणार आहे, आईसमोर काय झालं ते, पहिल्यापासून. घाई नाही. ज्याला ऐकवायचं आहे तो माणूस बांधावर बसलेला आहे, चिडण्याइतका दम त्याच्यात आहे, हे रोज सकाळी उठून मला पुरतं. सुनंदाचे, वहिनीचे, गुप्ताजींचे, त्या फोनवरच्या मुलीचे आभार मी तोंडाने कधी मानले नाहीत. माझ्या तोंडाला ती सवय नाही. इथे लिहून ठेवतो.

काल सकाळी सहाला दादाचा फोन.

"चालायला गेलास का?"

"निघतोय."

"तुझी वहिनी सांगत होती, पोट परत दिसायला लागलंय तुझं."

"तिला काय करायचंय?"

"तिला नसंल, मला हाय. यकृताचा लहान वाटा तुझ्याकडं राहिलाय, तो नीट सांभाळ. चरबी चढू देऊ नको."

"अरे, ते माझं आहे!" मी ओरडलो. "सगळंच माझं होतं! तूसुद्धा माझ्यावर जगतोयस!"

"बरं बरं," तो म्हणाला. "चपला घाल आनि नीघ. ऊन व्हतंय."